भैयाजींच्या जीपमधला वास

"संघ्या, टॉर्च इकडे धर ना! माझ्या नाकात कायले उजेड पाडून राहिला?"

"तुझं नाकच मधात येते, ताई!"

रचनाचं डोकं आणि उजवा हात एका मोठ्या लाकडी खोक्यात होता, आणि उरलेली रचना बाहेर. खोक्याला समोरून परातीएवढं गोल भोक होतं. दुसऱ्या दिवशी त्यात बारा इंची वूफर बसणार होता. वूफर म्हणजे गाण्यातला सगळा धडाम-धुडुम काढणारा मोठा स्पीकर. आत अंधारात, आडव्या पट्टीच्या वर, रचना मार्करनं आपलं नाव लिहीत होती.

तिच्या बाबांचं, राजदीप यांचं, सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला दुकान होतं. गाड्यांना ते म्युझिक सिस्टीम बसवून देत, आणि वूफरची खोकी स्वतः बनवत. "बाहेर दुकानाचं नाव, आत कारागिराचं," असा त्यांचा रिवाज होता. आतलं नाव कुणालाच दिसायचं नाही, पण ते लिहिल्याशिवाय वूफर बसायचा नाही. या खेपेला प्लायवूडची मापं रचनानं घेतली होती. खोक्याच्या बाजूला बसवलेला प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडाही तिनंच कापला होता.

"हे खोक्याचं नाक," बाबांनी तिला सांगितलं होतं. "वूफर मागंपुढं हलते, तेव्हा आतली हवा इथून बाहेर अन् बाहेरची आत. खोक्यालेबी श्वास लागते, बेटा!"

तेरा वर्षांची कारागीर! रचनाचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते.

तेवढ्यात दुकानामागच्या अंगणातून प्राचीचा आवाज आला. "रचना! मी अन् आई बाजारात जाऊन राहिलो. मोहाकडे पाहशील का?"

"पाहीन ना! जा बिनधास्त."

प्राची रचनाच्याच वर्गात होती आणि अंगणापलीकडच्या खोलीत राहायची. तिचे बाबा मंगरूकाका भैयाजींची दहा सिटांची जीप चालवत; नवा वूफर त्याच जीपसाठी होता. त्यांचं गाव सालेकशाकडचं, रानातलं. दरवर्षी ते सगळे गावी जाऊन पहाटे मोहफुलं वेचायचे, वाळवून पोत्यांतून इकडे आणायचे. थोडा मोह विकायचा, बाकीचा वर्षभर खायचा. प्राचीची आई, सत्यभामाकाकू, त्याचे लाडू करायच्या आणि त्यातले निम्मे रचनाच्या पोटात जायचे. किडे लागू नयेत म्हणून आज तोच मोह ताडपत्रीवर पुन्हा उन्हात घातला होता.

रचनानं मोहाकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. मग ती शेडखाली बसून मोबाइलवर नव्या वूफरसाठी गाणी निवडू लागली. अंधारून आलं, वारा सुटला, दुकानाचा पत्रा खडखडला, तरी बाईसाहेबांची मान वर नाही!

"ताई, पाऊस!" तिचा धाकटा भाऊ संघदीप ओरडला.

दोघं धावले. मे महिन्यातला तो अवकाळी पाऊस नुसता ओतत होता. पोती प्राचीच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप! हातात भिजलेला मोह घेऊन रचना गरगर फिरली. शेडखाली कोरडी जागा एकच होती.

"घाल खोक्यात!"

ओंजळी भरभरून त्यांनी मोह खोक्याच्या गोल तोंडात कोंबला. पाव तासात पाऊस उघडला, ऊन पडलं. दोघांनी मोह काढून परत ताडपत्रीवर पसरला. आडव्या पट्टीमागं रचनाचा हात नीट पोचत नव्हता. पण जे हाताला लागत नाही ते नाहीच, असं तिनं ठरवून टाकलं.

संध्याकाळी प्राचीनं विचारलं, "इकडे पाऊस आला का?"

"आला ना. दोन थेंब," रचना म्हणाली. संघदीपनं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याला डोळे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भैयाजी हॉर्न वाजवत हजर! त्यांची शेती मोठी, आवाज मोठा आणि घाई सगळ्यात मोठी. त्यांच्या डिंपलचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

"राजदीपभाऊ, लवकर करा! पाव्हणे येऊन राहिले!"

वूफर बसवण्याआधी बाबा नेहमी खोक्यात ब्लोअर मारत आणि टॉर्च लावून आत बघत. त्या दिवशी दोन्ही राहिलं. रचना पेचकस घेऊन शेजारीच उभी होती. "बाबा, एकदा आत पाहा," हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबांनी "काऊन?" असं विचारलं असतं, आणि मग दोन थेंबांची गोष्ट बाहेर आली असती. तिनं पेचकस बाबांच्या हातात दिला. बाबांनी आठही स्क्रू आवळले.

पाच दिवसांनी डिंपलच्या होणाऱ्या सासरची मंडळी आली. भैयाजी त्यांना चोरखमाऱ्याचा तलाव दाखवायला निघाले. "सिस्टीम बनवणारे पोट्टेबी चला!" असं म्हणून त्यांनी रचना, संघदीप आणि प्राची तिघांनाही मागच्या सीटवर, वूफरच्या खोक्याशेजारी बसवलं. मंगरूकाकांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मंगरू, होऊन जाऊ दे!" भैयाजी म्हणाले. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या सिस्टीमवर मंगरूकाकांनी पहिल्यांदाच गाणं लावलं. धड्‌म! धड्‌म! सीट हादरल्या, पाहुणे खूश झाले. आवाज जरा दबका वाटत होता, पण रचनाची छाती अभिमानानं फुगली.

अर्ध्या तासानं एका पाहुणीनं पदर नाकाला लावला. मग दुसरीनं. आंबूस, उग्र वास गाडीत भरला होता. तो दारूचा, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

तलावाजवळ अनुसयाबाईंच्या चहाच्या टपरीपाशी जीप थांबली. मंगरूकाका नेहमी इथंच चहा घेत, अनुसयाबाई त्यांना चांगल्या ओळखायच्या. सगळे उतरले. रचनाला हसवायची फार हौस. आपण काहीतरी गमतीचं बोलावं असं तिला वाटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती बोलली,

"मंगरूकाका, सकाळी सकाळीच टाकली का?"

हशा पिकला! संघदीप हसला, पाहुणे हसले, टपरीवरचे लोकही हसले. प्राची तेवढी हसली नाही. आणि नवरदेवाचे काका.

"म्हणजे?" ते म्हणाले. "ड्रायव्हर पिऊन गाडी चालवून राहिला का?"

भैयाजींचं तोंड काळवंडलं. "मंगरू!"

"मी थेंब घेत नाही, भैयाजी. बारा वर्षं झाली तुमच्याकडे. तुम्हाले माहीत आहे."

"अंगणात मोह वाळू घालता, अन् थेंब घेत नाही? तुमच्या लोकायचं मले काय नवं आहे! पाव्हण्यांसमोर नाक कापलं माझं. चाबी दे इकडे!"

मी गंमत केली, एवढंच रचनाला म्हणायचं होतं. पण आधी एवढा मोठा निघालेला आवाज आता गेला कुठं? मंगरूकाकांनी भैयाजींच्या हातावर किल्ली ठेवली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या उगीचच नीट केल्या आणि ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. प्राची त्यांच्याजवळ गेली. ती रचनाकडे वळूनही बघेना.

परत येताना भैयाजींनी गाडी चालवली. मागच्या काचेतून रचनाला ते दोघं भर उन्हात बसची वाट बघताना दिसत होते. त्या दिवशी तलाव कसा होता, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी भैयाजींनी जीप दुकानासमोर आणून लावली. "राजदीपभाऊ, धमक दबकी वाजते. उद्या सकाळी पाहून ठेवा. दहा वाजता मनिराम येते, नवा ड्रायव्हर. त्या मंगरूले तर आता या हायवेवर कोणी उभं करणार नाही, मी सांगूनच ठेवलं सगळ्यायले!"

"नवा वूफर आहे, खुलाले वेळ लागते," बाबा म्हणाले आणि किल्ली खिळ्याला अडकवून भाजी आणायला गेले. खिळ्यावरची किल्ली आणि संघदीप यांची दोस्ती जुनीच. दोन मिनिटांत तो जीपमध्ये बसून गाणं ऐकत होता.

"ताई! ताई, इकडे ये!"

"बंद कर ते! मले नाही ऐकायचं."

"अवं, मंगरूकाका गाडीत नाहीत, तरी वास येऊन राहिला!"

रचना धावली. खरंच! तोच वास! तिनं गाणं बंद केलं, दारं उघडली. हळूहळू वास विरला. पुन्हा दारं लावून गाणं सुरू केलं. धड्‌म, धड्‌म... आणि वास हजर!

"गाण्याले वास येते!" संघदीप म्हणाला.

"थांब. अगरबत्ती आण एक."

घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढची अगरबत्ती घेऊन संघदीप आला. रचनानं ती पाइपच्या तोंडासमोर धरली. प्रत्येक ठोक्याला धुराला आतून फुंकर बसत होती. फुक्‌! फुक्‌! खोकं श्वास घेत होतं, सोडत होतं, आणि त्याच्या श्वासाला दारूचा वास येत होता.

रचनानं अगरबत्ती खाली घेतली. पाच दिवस, मे महिन्याचं ऊन, बंद खोकं आणि पट्टीमागं राहिलेला ओला मोह. आंबणार नाही तर काय होणार! मंगरूकाकांच्या नावानं सगळ्या गावात जो वास पसरला होता, तो तिच्या हातचा होता.

"आठच स्क्रू आहेत, ताई," संघदीप हळूच म्हणाला. "खोलू, घाण काढून फेकू. कोणालेच समजणार नाही."

रचनानं पेचकसानं पहिला स्क्रू काढलासुद्धा! मग तो तळहातावर घेऊन ती बसून राहिली. वास जाईल. दुकानाचं नाव राहील. बाबा रागावणार नाहीत. आणि मंगरूकाका? ते जन्मभर पिऊन गाडी चालवणारे ड्रायव्हर होऊन राहतील, आणि खरं काय ते फक्त तिला ठाऊक असेल. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं स्क्रू परत आवळला.

अंगण ओलांडायला दहा पावलं लागतात. त्या संध्याकाळी ती दहा पावलं संपता संपेनात. मंगरूकाका बाजेची दोरी ताणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. दारात प्राची उभी राहिली.

"कायले आली? वास घ्याले?"

रचना रडणार होती, पण रडली तर सांगायचं राहून जाईल म्हणून तिनं सगळं भराभर सांगून टाकलं. पाऊस, खोकं, दोन थेंब, पाइप, अगरबत्ती, सगळं.

"अर्ध्या पोत्याले बुरशी लागली," प्राची म्हणाली. "आईनं फेकून दिला तो मोह. रोज म्हणते, माझंच चुकलं, मीच नीट वाळवला नाही."

हेही होतं तर! आपल्या एका लबाडीला एवढे पाय फुटतील हे तिला कुठं माहीत होतं?

"सांगशील का हे सगळ्यांसमोर?" प्राचीनं विचारलं.

"सांगीन."

"पाहू," प्राची म्हणाली. तिनं क्षणभर विचार केला. "पण आधी भैयाजीले समजू दे, दुसऱ्याच्या वासानं बदनाम होणं कसं राहते ते!"

सकाळी दहा वाजता दुकानासमोर चांगलीच वर्दळ होती. शेजारच्या ढाब्यावरचे ट्रकवाले चहा पीत उभे होते. भैयाजी मनिरामला घेऊन आले. प्राची पुढं झाली. तिला बघून भैयाजी जरा चपापले.

"भैयाजी, धमक ऐकून पाहा. पण काचा लावून, एकटे बसा. तेव्हाच खरा आवाज समजते."

"हव, ते बरोबर आहे," संघदीपनं गंभीर तोंडानं दुजोरा दिला.

आवाजाची परीक्षा म्हटल्यावर भैयाजी कसले मागे हटतात! ते ऐटीत आत बसले. काचा लागल्या, आवाज पूर्ण वाढला. धड्‌म! धड्‌म! ते मान डोलवत होते. मग मान थांबली. मग नाक हललं. तेवढ्यात प्राचीनं दार खाडकन उघडलं, ओढणी नाकाला लावली आणि ढाब्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अगाई! भैयाजी, सकाळी सकाळीच टाकली का?"

ट्रकवाले खो-खो हसू लागले! मनिरामनं वाकून वास घेतला. "वास तर येऊन राहिला, भैयाजी," तो नम्रपणे म्हणाला.

"मले? अबे, मी एकादशीले चहाबी घेत नाही!" भैयाजी लालबुंद झाले. "कोणालेबी विचारा!"

"काल माझ्या बाबाले तुम्ही कोणाले विचारलं होतं?" प्राची म्हणाली.

रचनानं अगरबत्ती पेटवून पाइपसमोर धरली. धूर फुक्‌ फुक्‌ करत उडाला. बाबा तो धूर बघत राहिले. मग त्यांनी आठ स्क्रू काढले आणि वूफर बाहेर ओढला. आतून असा भपकारा आला की मनिराम चार पावलं मागे सरकला. बाबांनी टॉर्च मारला. पट्टीमागं काळपट, लिबलिबीत मोहाचा लगदा चिकटला होता आणि त्याच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'रचना'.

"वा रे पोट्ट्यांनो!" भैयाजी एकदम खुलले. आपल्यावरचा आळ गेल्याचा आनंद त्यांना मोठा झाला होता. "पोलिसालेबी जमलं नसतं! राजदीपभाऊ, पोरगी हुशार आहे तुमची!" त्यांनी रचनाच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिला चटका बसल्यासारखी लागली. "पण मोह आत गेला कसा? मंगरूच्याच घरचा ना? म्हणजे पाहा, गडबड त्याइचीच—"

"नाही!" रचना म्हणाली. "माझी आहे."

सगळे तिच्याकडे वळले. ट्रकवालेसुद्धा.

"काकूनं मोह माझ्या भरवशावर ठेवला होता. मी मोबाइल पाहत बसले, तो भिजला. मी खोक्यात कोंबला अन् नीट काढला नाही. वूफर बसवताना बोलले नाही, कारण माझं खोटं उघडं पडलं असतं. अन् तलावावर मीच पहिल्यांदा बोलले. हसवाले. मंगरूकाकांनी कधीच..." तिला बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

बाबांनी टॉर्च बंद केला. "आत पाहायचं काम माझं होतं," ते सावकाश म्हणाले. "घाईत मी नाही पाहिलं. तुझी चूक तुझी, बेटा, अन् माझी माझी. भैयाजी, तुमची तुम्ही पाहा."

भैयाजींनी घसा खाकरला. मंगरूकाका केव्हाचे अंगणाच्या फाटकात उभे होते. भैयाजी किल्ली घेऊन त्यांच्याजवळ गेले. "घे मंगरू. झालं गेलं सोड आता."

मंगरूकाकांनी हात पुढं केला नाही.

"चाबी कुठं घेतली होती, भैयाजी?"

"आं? तलावावर."

"अनुसयाबाईच्या टपरीवर. बारा वर्षं मी तिथं चहा पितो. तिथं मले दारुडा केलं, सगळे हसले. इथं चाबी घेऊन मी काय करू? जिथं घेतली, तिथंच द्या." मग ते रचनाकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अन् पोरी, तूबी तिथंच सांग. तेव्हा जेवढ्या आवाजात बोलली होती, तेवढ्याच आवाजात."

खोकं रिकामं झालं. बाबांनी ते उकळत्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसलं, ब्लोअरनं वाळवलं, आत टॉर्च लावून दोनदा बघितलं आणि वूफर बसवला. दुपारी जीप निघाली. गाडी मनिराम चालवत होता, आणि मंगरूकाका शेजारी पाहुण्यासारखे बसले होते.

टपरीवर कालचेच चार-पाच लोक होते. अनुसयाबाईंनी मंगरूकाकांना बघून काहीच न विचारता चहा ठेवला. भैयाजींनी फोन लावला तो नवरदेवाच्या काकांना, आणि फोन जीपच्या सिस्टीमला जोडला. आता तिकडचं बोलणं तलावभर ऐकू जाणार होतं!

रचना उभी राहिली. इथंच तिला हशा मिळाला होता, टाळीच मिळायची बाकी होती. तिनं डोळे मिटले आणि घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं. "मंगरूकाका दारू पीत नाहीत! वास गाडीच्या खोक्यात होता! तो मी ठेवलेल्या मोहाचा होता! मी खोटं बोलले! चूक माझी आहे!"

कुणी हसलं नाही. भैयाजींनीही मान खाली घालून दोन शब्द बोलून टाकले, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते दोन शब्द किती जड गेले असतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग जीपच्या सगळ्या स्पीकरांतून काकांचा आवाज दणदणला.

"मंगरूभाऊ, माफी असावी! वरातीची गाडी तुम्हीच चालवा. अन् त्या पोरीले सांगा, एवढ्या लोकायसमोर आपली चूक सांगाले मोठं काळीज लागते!"

वूफर असा खणखणीत वाजत होता की पाण्यावरचे बगळे उडाले. भैयाजींनी किल्ली दोन्ही हातांनी पुढं केली. मंगरूकाकांनी ती घेतली, आधी चहा संपवला, आणि मग गाडीत जाऊन बसले.

सगळे रचनाचं कौतुक करत होते. तिला मात्र कुठं तोंड लपवावं असं झालं होतं. ती जीपमागं एकटीच उभी राहिली. प्राची मागच्या सीटवर बसली होती.

"अर्धं पोतं," प्राची बाहेर न बघताच म्हणाली.

"काय?"

"पुढच्या चैतात गावाले येशील अन् अर्धं पोतं मोह वेचून देशील. आईले. अंधारात उठा लागते, चार वाजता. कंबर मोडते."

"उठीन."

"पाहू," प्राची म्हणाली आणि खिडकीकडे सरकून तिनं तिला बसायला जागा केली.